टर्नरसाठी पिनपॉइंटर

कारखाना सोडून सहा वर्षं झाली होती, तरी टर्नरला सगळे टर्नरच म्हणत. सायकलवाला, दूधवाला, बँकेतली कॅशियरसुद्धा. खरं नाव विचारलं असतं तर त्यांची पंचाईत झाली असती. घरात मात्र बायको त्याला ‘अहो’ म्हणे आणि तिचा धाकटा भाऊ ‘भाऊजी’. या मेव्हण्याचं अर्धं आयुष्य टेलिफोनच्या खांबांवर चढून तारा जोडण्यात गेलं होतं, म्हणून तो वायरमन. दोघांचं गूळपीठ असं, की बायको म्हणायची, “लग्न माझ्याशी लागलं, संसार माझ्या भावाशी चाललाय.”

दर रविवारी सकाळी दोघं नदीकाठच्या एका पडीक शेतात जात. खांद्यावर मेटल डिटेक्टर, पिशवीत लहान फावडं, चहाचा थर्मास. हा छंद आधी वायरमनला लागला आणि त्याने टर्नरला ओढलं. वायरमनचं यंत्र नवं होतं. टर्नरने जुन्या बाजारातून एक घेतलं, त्याला पडदाबिडदा काही नव्हता. तबकडी जमिनीवरून फिरवायची आणि आवाज ऐकायचा. खाली लोखंड असलं की यंत्र जाड आवाजात घुमतं, नाणं किंवा चांदी-तांबं असलं की बारीक किणकिणतं. एवढंच शास्त्र.

शेतमालकाने परवानगी देताना दोन अटी घातल्या होत्या. खड्डा बुजवायचा, आणि निघालेलं लोखंड परत मातीत टाकायचं नाही, कारण त्याने नांगरणीच्या यंत्राची पाती तुटत. दुसऱ्या अटीमुळे शेतमालकाचा टर्नरवर भारी जीव होता. चार वर्षांत टर्नरने त्या शेतातून खिळे, बोल्ट, बिजागऱ्या, साखळीच्या कड्या, घोड्याच्या नाला असं किती लोखंड काढलं त्याला गणती नाही. जिन्याखाली लाकडी खोकं होतं, ते काठोकाठ भरलं होतं. वायरमनकडे मात्र बिस्किटांच्या डब्यात नाणी जमत होती. त्याच शेतातली.

“तुझं नशीब चांगलं,” टर्नर म्हणायचा. त्यात असूया नव्हती. तीस वर्षं लेथवर उभं राहून लोखंड कापलं, आता लोखंडच आपल्या वाटेला येतंय, असं त्याने हसत हसत स्वीकारलं होतं.

अडचण आली ती गुडघ्यांची. डिटेक्टर सांगतो की इथे काहीतरी आहे. पण ढेकूळ उपटल्यावर ती वस्तू ढेकळात आहे, खड्ड्याच्या भिंतीत आहे की बाजूच्या ढिगाऱ्यात, ते तो सांगत नाही. वायरमनकडे त्यासाठी पिनपॉइंटर होता, गाजराएवढी एक दांडी. टोक मातीत खुपसलं की धातूच्या जवळ जाताच ती वाजायची. वायरमनचा खड्डा दोन मिनिटांत बुजायचा आणि टर्नर तिकडे वीस मिनिटं गुडघ्यांवर बसून माती बोटांनी चिवडत असायचा. एका रविवारी गंजका खिळा त्याच्या बोटात चांगला अर्धा इंच घुसला. दवाखान्यात इंजेक्शन झालं, घरी पट्टी झाली, आणि पट्टी बांधता बांधता बायको म्हणाली, “माझ्या भावाकडे ते गाजरासारखं काय आहे, तुम्ही का घेत नाही?”

“महाग असतं ते.”

“स्वस्तातलं घ्या. बोट स्वस्तात मिळत नाही.”

पुढच्या शनिवारी टर्नर आणि वायरमन दुकानात गेले.

दुकान बाजारपेठेच्या मागच्या अंगाला होतं. पुढच्या खोलीत टॉर्च, गुंडाळलेले तंबू, मासे पकडायच्या काठ्या, आणि आतल्या खोलीत रेडिओ दुरुस्तीचं टेबल. दुकान चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या होत्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. हातातलं डागकाम बाजूला ठेवून त्या बाहेर आल्या. टर्नरने आधीच सांगून टाकलं, “बाई, स्वस्तातलं दाखवा. मला काही खजिना काढायचा नाही.”

“खजिना काढणारे माझ्याकडे येतच नाहीत, काका,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी काउंटरवर तीन पिनपॉइंटर मांडले. एक काळा, एक पिवळा, एक लाल. मग खालून वाळूने भरलेलं एक घमेलं काढून वर ठेवलं. “यात एक नाणं पुरलंय आणि एक खिळा. हातात घेऊन बघा. डब्यावर काय छापलंय ते वाचण्यात अर्थ नाही.”

काळा सगळ्यांत स्वस्त होता. टर्नरने तो उचलला, वजन बघितलं, बटण दाबलं आणि टोक वाळूत घातलं. डावीकडून उजवीकडे, मग उलटं. लेथवर काम करणाऱ्या माणसाचा हात, एकही कोपरा सुटला नसता. काहीच झालं नाही. त्याने आणखी खोल घातला. तरी काही नाही.

“बाई, याची बॅटरी गेलीय.”

बाईंनी वायरमनकडे बघितलं. वायरमन तंबूंच्या ढिगाकडे बघायला लागला. टॉर्च निवडत उभ्या असलेल्या एका गिऱ्हाइकाने एका कानावर हात धरला होता.

“काका,” बाई सावकाश म्हणाल्या, “ते वाजतंय.”

“कधी?”

“आत्ता. तुमच्या हातात.”

टर्नरने पिनपॉइंटर वर उचलला, पुन्हा नाण्याच्या जागी टेकवला. मुठीजवळ एक लाल दिवा लुकलुकत होता. म्हणजे यंत्र जिवंत होतं. त्याने ते कानाजवळ नेलं. लांब कुठेतरी डास असावा तसं काहीतरी वाटलं, की तेही मनाचेच खेळ, कळेना.

“वाजतंय हो, भाऊजी,” वायरमन हळूच म्हणाला. “चांगलं कर्कश वाजतंय.”

टर्नरला कानशिलं तापल्यासारखी वाटली. भर दुकानात कुणी आपला सदरा उलटा घातलाय म्हणून सांगावं, तसं. त्याने काळा पिनपॉइंटर होता तसा जागेवर ठेवला आणि म्हणाला, “मग जाऊ दे. नंतर बघू.”

पण बाई बिलंदर होत्या. त्यांनी त्याचं म्हणणं ऐकूनच घेतलं नाही. पिवळा पिनपॉइंटर उचलून एक बटण दोनदा दाबत त्या म्हणाल्या, “माझे वडील दगड फोडायच्या खाणीत होते. त्यांचेही वरचे आवाज आधी गेले. दाराची बेल ऐकू यायची नाही आणि बाहेर ट्रक आला की आम्हा सगळ्यांच्या आधी त्यांना कळायचं. हा वाजतोही आणि थरथरतोही. मी आवाज बंद केलाय. धरा.”

टर्नरने नाइलाजाने धरला. टोक वाळूत घातलं. बोटभर सरकवलं, आणि दांडी त्याच्या मुठीत गुरगुरली.

त्याने हात थांबवला. मागे घेतला, गुरगुर कमी झाली. पुढे नेला, वाढली. तीस वर्षं त्याच्या हाताला ही भाषा येत होती. हत्याराची धार गेली की लेथच्या हॅंडलमधून ती तळव्याला कळायची, डोळ्यांना दिसायच्या आधी. त्याने डोळे मिटले आणि दोन वेळा वाळूत दांडी फिरवून दोन ठिकाणी बोट टेकवलं. “हे एक. आणि हे दुसरं, जरा खोल आहे.”

बाईंनी वाळू बाजूला केली. एका जागी नाणं होतं, दुसऱ्या जागी खिळा.

मग मात्र टर्नर रंगात आला. लाल पिनपॉइंटरही त्याने बघितला. तो पाण्यात चालणारा होता आणि किमतीला थोडा जास्त, पण त्याची थरथर नाजूक होती. “हातमोजा घातला तर कळणार नाही,” तो म्हणाला. त्याचं टोक नुसतं घमेल्याच्या काठावर आपटलं तरी तो उगाच थरथरायचा, तेही त्याला पसंत पडलं नाही. पिवळ्याचं टोक त्याने लाकडावर ठोकून बघितलं, तो गप्प राहिला. बॅटरीचं झाकण उघडलं, आटे तपासले. “आटे नीट कापलेले नाहीत,” तो म्हणाला, “पण चालेल. मी ग्रीस लावीन.” रंगही बरा होता, गवतात पडला तर शोधत बसायला नको. बाईंनी कमरेला लावायचं म्यान वरून दिलं आणि पिवळा पिनपॉइंटर टर्नरचा झाला.

दुकानातून दोघं पायीच निघाले. चौकात रस्ता ओलांडायला थांबले तेव्हा टर्नरने विचारलं, “माझा डिटेक्टर शेतात कधी बारीक वाजतो का रे?”

दिवा हिरवा झाला, लोक पुढे गेले, हे दोघं तिथेच.

“वाजतो,” वायरमन म्हणाला. “दर रविवारी वाजतो.”

“आणि मी पुढे निघून जातो.”

“हो.”

“आणि ते तू मागून खणतोस.”

“हो.”

टर्नरने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “मग मला बोलला का नाहीस?”

“बोललो होतो. पहिल्याच वर्षी. म्हटलं, भाऊजी, इथे वाजलं, सोडून दिलंत का? तुम्ही म्हणालात, असू दे. पुढच्या वेळी पुन्हा विचारलं. तेव्हाही असू दे. मला वाटलं, हा लोखंडाचा माणूस, याला नाण्यांची गोडी नाही. आणि खरं सांगू का, मला वाटलं तुम्ही माझ्यासाठी सोडताय. मोठेपणाने.”

टर्नरला ते ‘असू दे’ आठवत नव्हतं. पण ते त्याचंच होतं याबद्दल शंका नव्हती. गेली कित्येक वर्षं कुणाचं अर्धवट ऐकू आलं की तो हेच म्हणायचा. समोरचा हसला तर हसायचं, विचारलं तर असू दे म्हणायचं. बहुतेक वेळा निभावून जायचं.

“मी घरी जातो,” तो म्हणाला, आणि चहाला न थांबता सरळ घरी गेला.

त्या संध्याकाळी बायको स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. टर्नर दारात उभा राहिला. “मला कमी ऐकू येतं, हे तुला माहीत होतं?”

तिने सुरी खाली ठेवली. “घरात कुणाला माहीत नव्हतं? कपड्यांचं मशीन थांबलं की ते पाच वेळा किंचाळतं. तुम्ही शेजारच्या खुर्चीत बसून पेपर वाचत असता.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“दोनदा सांगितलं. पहिल्यांदा तुम्ही म्हणालात, हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात. दुसऱ्यांदा दोन दिवस अबोला धरलात. तिसऱ्यांदा कशाला तोंड घालू?” ती पुन्हा चिरायला लागली. मग मान वर न करता म्हणाली, “मी तेव्हापासून तुमच्या समोर येऊन बोलते. लक्षात आलं नाही ना?”

नव्हतं आलं. त्याला वाटलं होतं, वय झालं तशी बायको जास्त प्रेमाने वागायला लागली. हे त्याने तिला सांगून टाकलं. ती इतकी हसली, की डोळे पुसायला पदर घ्यावा लागला. “तेही असेल,” ती म्हणाली. “पण मुख्य कारण कान.”

पुढचे दोन रविवार टर्नर शेतात गेला नाही. पहिल्या रविवारी गुडघा दुखतोय म्हणाला, दुसऱ्या रविवारी काहीच म्हणाला नाही. पिवळा पिनपॉइंटर म्यानात, म्यान खुंटीला. जिन्याखालचं खोकं त्याने एकदा बाहेर ओढलं आणि त्यातले खिळे हातात घेऊन बसला. काही खिळे हाताने घडवलेले होते, चौकोनी डोक्याचे. चांगलं काम होतं, त्याला ते मनापासून आवडायचं. पण आता ते बघताना खिळ्यांच्या मधल्या जागा आठवत होत्या, ज्यांच्यावरून तो काही न ऐकता चालत गेला होता. चार वर्षं.

दुसऱ्या रविवारी दुपारी वायरमन आला. हातात बिस्किटांचा डबा. बहिणीने दिलेलं पाणी तो उभ्यानेच प्यायला आणि डबा टेबलावर ठेवला.

“यातलं अर्धं तरी तुमचं आहे,” तो म्हणाला. “तुमच्या यंत्राने शोधलेलं. कुठलं कुठलं ते मला आता सांगता यायचं नाही. तुम्ही निवडा.”

टर्नरने डबा वर्तमानपत्रावर उपडा केला. नाणी, बटणं, चांदीची एक वाकडी अंगठी, पितळेचा एक बारका नळ. तो भिंग घेऊन आला आणि एकेक बघत बसला. नाण्यांच्या कडा कशा झिजल्यात, कुठलं साच्यातून नीट उठलंय, कुठल्याचा साचा सरकलाय, हे त्याने वायरमनला दाखवलं. अर्धा तास दोघांची डोकी त्या कागदावर वाकलेली. मग टर्नरने सगळं परत डब्यात भरलं आणि झाकण लावलं.

“खणलंस तू. घेऊन जा.”

“म्हणजे राग गेलेला नाही.”

“राग कुठला, लाज वाटतेय. चार वर्षं तुला नशीबवान म्हणत होतो.”

“ते मला पण बरं वाटत होतं,” वायरमनने कबूल केलं. “नशीबवान म्हणणारं दुसरं कोण आहे मला?”

टर्नर हसला. बायको आतून म्हणाली, “उद्या सकाळी दहाची वेळ घेतलीय मी कानाच्या दवाखान्यात. दोघांनी ऐकलंत ना?”

“मी ऐकलं,” वायरमन म्हणाला, आणि त्याने ते टर्नरला मोठ्याने पुन्हा सांगितलं.

दवाखान्यात एका लहानशा केबिनमध्ये टर्नरला बसवलं. भिंतींना गादीसारखं काहीतरी लावलेलं. काचेपलीकडे तपासणी करणारी मुलगी होती. हेडफोनमध्ये आवाज आला की बटण दाबायचं होतं. सुरुवातीला तो भराभर दाबत होता. नंतर बराच वेळ काही दाबायला मिळालं नाही, आणि काचेतून दिसत होतं, की मुलगी तर एकेक कळ फिरवतेच आहे.

तिने त्याला आलेख दाखवला. डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. रेघ मध्यापर्यंत बऱ्यापैकी सरळ गेली होती आणि मग घसरगुंडीसारखी खाली. टर्नर सगळी हयात ड्रॉइंग वाचत आला होता, त्यामुळे समजावून सांगायची वेळ आली नाही. उलट त्याला बरं वाटलं. कुणी मापात सांगितलं की गोष्ट आटोक्यात येते.

“काम काय करत होता, आजोबा?”

“टर्निंग.”

“कानात काही घालत होता का तेव्हा?”

“एक जण कापूस घालायचा. आम्ही त्याला हसायचो.” त्याने आलेखातल्या घसरणीवरून बोट फिरवलं. “मी सुद्धा.”

कानात घालायची यंत्रं तीन आठवड्यांनी मिळणार होती. गेलेलं सगळं परत येणार नाही, पण पुष्कळसं येईल, असं ती म्हणाली. नवं हत्यार हाताला बसायला थोडे दिवस लागतात, तसंच कानाचं, असंही म्हणाली, आणि ते त्याला पटलं.

त्याच आठवड्यातल्या रविवारी सकाळी टर्नर स्वतःच वायरमनच्या दारात जाऊन उभा राहिला. कमरेला पिवळा पिनपॉइंटर.

शेतात पोचल्यावर त्यांनी नवी वाटणी केली. वायरमनने डिटेक्टर फिरवायचा, बारीक आवाज आला की त्या जागी बुटाची टाच टेकवायची आणि टर्नरने खणायचं. बांधालगतच्या पट्ट्यात, जिथे टर्नर चार वर्षांत निदान दहा वेळा चालला असेल, तिथे वायरमनची टाच पहिल्यांदा थांबली.

टर्नर गुडघ्याखाली पोतं घेऊन बसला. फावड्याने ढेकूळ चारी बाजूंनी कापून उलटं केलं. पिनपॉइंटर खड्ड्यात घातला. खड्डा गप्प. भिंतींवरून फिरवला. गप्प. मग ढेकळाला लावला आणि मुठीत बारीक गुरगुर आली. ढेकूळ त्याने मधून मोडलं. डावा तुकडा मुका, उजवा बोलका. उजवा पुन्हा मोडला. आता गुरगुर मनगटापर्यंत पोचली. त्याने अंगठ्याने माती खरवडली आणि करंगळीच्या नखाएवढं, कागदासारखं पातळ नाणं त्याच्या तळव्यावर आलं. गुडघ्यावर बसल्यापासून दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

“काय आहे?” वायरमन वाकून म्हणाला.

“चांदी.” टर्नरने ते चोळलं नाही, थुंकी लावली नाही. पिशवीतल्या पाण्याने नुसतं भिजवलं आणि उन्हाकडे धरलं. छापा पार झिजला होता, कडेची रेघ तेवढी उरली होती.

“कुणाचं धरायचं हे?” टर्नरने विचारलं.

“कान माझा, हात तुमचा.”

“म्हणजे वकील लावावा लागणार.”

शेवटी असं ठरलं, की एक तुझं, एक माझं, पहिलं टर्नरचं. त्याने ते कापसात गुंडाळून काडेपेटीत ठेवलं आणि खड्डा बुजवून पायाने दाबला.

दहाच्या सुमाराला शेतमालक बांधावरून आला. कोपऱ्यातला लोखंडाचा ढीग नेहमीपेक्षा लहान बघून त्याचा चेहरा पडला. “आज काय हो, दोघांत मिळून तीनच खिळे? माझ्या पात्यांचं काय होणार?”

“खालच्या पट्ट्यात तुमचं काम करतो,” टर्नर म्हणाला. “लोखंड अजून मला झकास ऐकू येतं.”

शेतमालकाला यातलं अर्धंच कळलं, पण खालचा पट्टा साफ होणार एवढं पुरेसं होतं. तो खूश होऊन गेला. वायरमनने थर्मास उघडला. चहा झाल्यावर टर्नरने स्वतःचा डिटेक्टर घेतला आणि वायरमन रिकाम्या हाताने त्याच्या बाजूने चालायला लागला. तबकडी डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. वीसेक पावलं झाली असतील.

“थांबा, भाऊजी,” वायरमन म्हणाला, नीट मोठ्याने. “जरा मागे. हां, तिथेच.”

टर्नरने डिटेक्टर आडवा ठेवला, पोतं अंथरलं आणि फावडं हातात घेतलं.